कडेची नजर

"डाग मधोमध हाय," असं म्हणून मल्हार दुर्बिणीपासून बाजूला झाला. रघुनाथकाकांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि वाकून डोळा लावला. खाली भिगवण रस्त्यावरून एक एस.टी. गेली, तिच्याबरोबर काकांच्या फोटो स्टुडिओची गच्ची हलली आणि दुर्बिणीतला गुरूही हलला असावा, कारण काकांनी एस.टी.ला सणसणीत शिवी हासडली. मग म्हणाले, "मधे काही नाही रे. मधे अगदी स्वच्छ आहे. डाग वर आहेत, कडेला. एक मोठा, त्याच्या शेजारी एक बारका." मल्हारने पुन्हा पाहिलं. अंधारात एक फिकट पिवळी टिकली, वाऱ्याने लवलवणारी, आणि तिच्या बरोबर मध्यावर राखेचं बोट टेकवावं तसा धुरकट ठिपका. कडेला काहीच दिसत नव्हतं. "व्हय व्हय, वरच हाय," तो म्हणाला. मालकाशी डागावरून कशाला हुज्जत घालायची, एवढंच त्याच्या मनात होतं. पण जिना उतरताना ते वाक्य त्याच्या मागे मागे आलं. मधे काही नाही रे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरचे डाग शोधण्याचा पगार घेणाऱ्या माणसाला कुणी असं सांगावं, याचा त्याला आधी राग आला आणि मग, का कोण जाणे, थोडी भीती वाटली.

चौऱ्याण्णव सालचा तो जुलै. एका धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळणार अशी बातमी सगळ्या पेपरांत होती. बारामतीत त्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं, पण रघुनाथकाका पेटले. त्यांनी पुण्याहून दुर्बीण आणली. नवशिक्यांसाठी, असं खोक्यावरच छापलेलं होतं. तिचे तीन पाय तीन दिशांना जायला निघाल्यासारखे उभे राहायचे, म्हणून मधे दोरीने वीट लटकवली. फिल्मच्या रिकाम्या डब्या कापून, आतून काळा रंग फासून मल्हारने स्टुडिओतला जुना कॅमेरा त्या नळीला जोडून दिला. काकांना गुरूचा फोटो हवा होता, शोकेसमध्ये लावायला, नवरा-नवरीच्या जोड्या आणि बाळकृष्णाच्या वेशातली पोरं यांच्या मधोमध. खाली चहाची गाडी लावणारा सोपान वर चहा घेऊन आला की म्हणायचा, "काका, गुरूचा पासपोर्ट काढताय व्हय? दोनी कान दिसू द्या बरं का, न्हायतर परत पाठवत्यात." काम मात्र कटकटीचं होतं. शटरच्या धक्क्याने नळी थरथरायची आणि गुरूची जिलबी व्हायची. मग त्यांनी युक्ती काढली. मल्हार नळीच्या तोंडापुढे काळा पुठ्ठा धरून उभा राहायचा, काका लांब वायरचं बटण दाबून शटर उघडं ठेवायचे, थरथर थांबली की मल्हारने पुठ्ठा पापणी लवेल इतकाच वेळ हटवायचा आणि पुन्हा झाकायचा. त्या झाकण्या-उघडण्यात मल्हारचा हात इतका बसला, की काका म्हणाले, कॅमेऱ्यापेक्षा तूच बरा. अंधूक गोष्ट सरळ बघायची नसते, जरा कडेला बघायचं म्हणजे ती नजरेत येते, हेही काकांनीच शिकवलं. आणि यात तर मल्हार पहिल्या दिवसापासून पटाईत निघाला. गुरूचा चौथा चंद्र काकांना सापडता सापडेना, मल्हारने डोळा लावल्या लावल्या सांगितला. "तुझी नजर तयार आहे रे," काका म्हणाले. त्या रात्री जळोचीला घरी जाताना तो सायकलवर शीळ वाजवत गेला आणि बायकोला, सुकन्येला, म्हणाला, "काका म्हणत्यात, माझी नजर तयार हाय." सुकन्या भाकरी थापत होती. ती म्हणाली, "आता तयार झाली व्हय? मंग इतकी वर्सं काय, कच्चीच हुती?"

नजर हेच त्याचं भांडवल होतं. तिरक्या काचेच्या डेस्कवर निगेटिव्ह ठेवायची, खालच्या आरशातून उजेड वर घ्यायचा, डावा डोळा मिटून उजव्या डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावायचं आणि टोकदार पेन्सिलीने, कधी ब्लेडच्या कोपऱ्याने, माणसाच्या चेहऱ्यावरचं नको ते काढून टाकायचं. देवीचे व्रण, डोळ्याखालची काळी वर्तुळं, कुणाच्या नवऱ्याने मारलेल्याची खूण. इंदापूर-बारामतीकडच्या किती मुलींची लग्नं त्याच्या पेन्सिलीने जमवली याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता, पण पोरीला घेऊन आलेल्या आया काकांना नमस्कार करून थेट त्याच्या डेस्कशी यायच्या आणि हळूच म्हणायच्या, गालावरचं तेवढं बघा मल्हारराव. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातला पोरगा, खुर्चीवर बसून काम करणारा घराण्यातला पहिला, आणि तेही असं नाजूक. याचा त्याला अभिमान होता आणि तो लपवायचा त्याने कधी प्रयत्न केला नाही.

गुरूच्या फिल्मवर मोहरीएवढे काळे ठिपके आले होते, प्रत्येक ठिपका म्हणजे एक गुरू. एन्लार्जर वर वर चढवून त्यांनी एक ठिपका रुपयाएवढा केला. डार्करूमच्या तांबड्या उजेडात कागद डेव्हलपरमध्ये हलवताना मल्हारच्या छातीत पोरासारखं धडधडत होतं. हळूहळू गोळा वर आला. काका ओरडलेच, "आले! बघ, वरच्या कडेला, दोन्ही आले!" मल्हारने उजव्या डोळ्याला भिंग लावून पाहिलं. त्याला गोळ्याच्या मध्यावर राखेचा ठिपका दिसला. म्हणजे डाग मधेच आहे, फोटोतसुद्धा मधेच आहे, असं वाटून त्याला इतका आनंद झाला की तो बोलणार होता. तेवढ्यात भिंग जरा सरकलं, नजर गोळ्याच्या खालच्या भागावर गेली, आणि ठिपकाही तिच्याबरोबर खाली आला. वर मात्र, जिथे तो आत्ता बघत नव्हता तिथे, दोन काळसर खुणा दिसल्या. तो वर बघायला गेला, खुणा गेल्या, ठिपका आला. "दिसले ना?" काकांनी विचारलं. "दिसले," तो म्हणाला. आता मात्र हे खोटं आहे हे त्याला कळत होतं. फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा आंबूस वास नाकात जाऊन बसला आणि बाहेर आल्यावरही गेला नाही. भिंग जुनं झालंय, त्याने स्वतःला सांगितलं. दुर्बिणीची काच खराब, भिंगाची काच खराब, सगळ्या काचा त्याच जागी खराब. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला काय पटत नाही.

रंगूबाईची निगेटिव्ह त्याच आठवड्यात त्याच्या डेस्कवर आली. लासुर्ण्याची ही म्हातारी पूर्वी एकदा मुलाबरोबर येऊन फोटो काढून गेली होती. फोटो मुलाने नेला, तो घरात कुठेतरी गहाळ झाला, आणि आता ती गेल्यावर स्टुडिओच्या पेटीतली निगेटिव्ह तेवढी तिची म्हणून जगात उरली होती. मुलगा कुंडलिक वर्षश्राद्धासाठी मोठा फोटो सांगून गेला होता. मल्हारने निगेटिव्ह काचेवर ठेवली, भिंग लावलं. उलट्या रंगाची म्हातारी, काळा चेहरा, पांढरे ओठ, नेहमीचंच. दोन भुवयांच्या मधे त्याला एक धुरकट गाठ दिसली. छपाईत तिथे पांढरा चट्टा येणार, कपाळावर कोड फुटल्यासारखा. त्याने ब्लेड घेतलं आणि श्वास धरून अगदी हलक्या हाताने ती खरवडली. गाठ कमी होईना. आणखी थोडी. त्याच्या हाताला आठवत होतं की एवढ्यात ती जायला हवी होती. पण डोळा म्हणत होता, आहे अजून. इतकी वर्षं हात आणि डोळा एकमेकांचं ऐकत आले होते, आणि त्या दिवशी मल्हारने डोळ्याचं ऐकलं.

कुंडलिकने काउंटरवरच फोटोवरचा कागद सोडला. आईचा चेहरा बघून त्याचे डोळे भरून आले, आणि मग ते भरलेले डोळे तसेच थांबले. कपाळाच्या मध्यावर काळाभोर गोल ठिपका होता, मोठ्या कुंकवाएवढा. "मल्हारराव, ह्ये काय हाय?" कुंडलिक ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "आमचा बाप गेला तवा मी पाळण्यात हुतो. तवापासनं तिनं कपाळाला बोट लावलं न्हाय. हळदीकुकवाला कुणी बोलवायचं न्हाय, लग्नात मागं बसायची. सगळ्या गावाला ठावं हाय. आन तुमी तिला मेल्यावर कुकू लावलं व्हय?" फोटो त्याने उलटा करून ठेवला, आईचं तोंड लाकडाकडे करून, आणि टोपी घालून निघून गेला. सोपान चहाचे ग्लास घेऊन दारात उभा होता. तो ग्लास तसेच घेऊन माघारी वळला.

काकांनी निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरली. भुवयांच्या मधे फिल्म पार उघडी पडली होती, आरपार. "इथे काय होतं मल्हार?" "डाग हुता." "काचेवर?" "म्हातारीच्या कपाळावर." "नव्हता रे," काका म्हणाले. ते इतक्या मायेने म्हणाले की मल्हारला रडू येईल असं वाटलं. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "होतं असं. पेन्सिलीने भरून काढ. तुला काय अवघड आहे?" खरंच काही अवघड नव्हतं. उघड्या जागेला पेन्सिल धरेल असा मसाला चोळायचा आणि मुंगीच्या पावलांनी पेन्सिल टेकवत टेकवत सावली भरत न्यायची. शिकाऊ असताना त्याने याहून मोठी भोकं बुजवली होती. तो बसला. भिंग लावलं. पेन्सिलीचं टोक त्याने भोकाकडे आणलं, आणि नेमकं जिथे ते टेकवायचं तिथे आल्यावर टोकच नाहीसं झालं. पेन्सिल दिसत होती, बोटं दिसत होती, नखातली शाई दिसत होती. टोक नव्हतं, भोक नव्हतं, तिथे फक्त राख होती. नजर बाजूला घेतली की टोक यायचं. नजर टोकावर आणली की टोक जायचं. तो तसाच बसून राहिला. खालून आरशातला उजेड त्याच्या तोंडावर पडत होता. काका दोनदा येऊन बघून गेले.

जळोचीला जाताना तो सायकल हातात धरून चालत गेला. एक डोळा मिटायचा, समोर बघायचं, मग दुसरा. उजव्याने पाहिलं की समोरून येणाऱ्या माणसाला धड असायचं, डोक्याच्या जागी मळकट काहीतरी. डाव्याने पाहिलं की डोकं असायचं. डावा बरा आहे, डावा बरा आहे, असं म्हणत तो चालत होता, आणि कऱ्हेच्या पुलाकडून येणारा वारा डोळ्यांत धूळ भरत होता. दोन्ही डोळ्यांनी जग अजून जागच्या जागी होतं. म्हणूनच इतके दिवस पत्ता लागला नव्हता. डावा डोळा उजव्याचं उणं निमूटपणे भरून काढत होता, तो जसं लोकांच्या मुलींचं काढत आला होता तसं. भिंगाखाली काही दिसलं तर तो निगेटिव्हवरचाच डाग वाटायचा. दुर्बीण एका डोळ्याची होती, तिने चहाडी केली. पाटाच्या कडेला मेंढरं घेऊन हिंडणाऱ्यांचा एक वाडा उतरला होता, कुत्री भुंकली, चुलीचा धूर आला, आणि मल्हारला आबा आठवला. आठवला म्हणणं बरोबर नाही. आबा कधीपासूनच त्याच्या बरोबर चालत होता, आज फक्त मल्हारने त्याला बघितलं, तेही कडेने.

आबा म्हणजे त्याचा बाप बिरू, निमगाव केतकीचा. त्याची नजर वाकडी आहे असं सगळे म्हणायचे. तो कुणाच्या तोंडाकडे बघून बोलायचा नाही. कानाकडे, नाहीतर खांद्याच्या वर, जसं काही तुमच्या मागे अजून कुणी उभं आहे. बाजारात व्यापारी म्हणायचे, हा माणूस नजर चोरतो, ह्याच्या मनात पाप आहे. मेंढरं तो कान चाचपून ओळखायचा आणि सगळे म्हणायचे, काय बिरूचा हात! लांडगा मात्र कुत्र्याच्या आधी त्याला दिसायचा, अगदी डोळ्याच्या टोकाशी. एकदा कळप एका बागायतदाराच्या उसात शिरला. मल्हार तेव्हा लहान होता, काठी घेऊन बांधावर उभा होता. बागायतदार आबाच्या अंगावर आला आणि म्हणाला, "माज्याकडं बघून बोल की रं! तिकडं कुणाला बघतुयास?" आबाने मान सरळ केली. सरळ त्याच्या तोंडाकडे केली आणि तो गोंधळला, हे मल्हारला तेव्हाही दिसलं होतं. त्याने हात पुढे केला, हवेत काहीतरी शोधावं तसा, आणि तो हात बागायतदाराच्या छातीला लागला. माझ्यावर हात उचलतोस म्हणून त्याने आबाला बांधावर लोळेपर्यंत मारलं. मल्हारला कितीतरी वर्षं बापाची लाज वाटत आली होती, की त्याने सरळ बघून दोन शब्द बोलायला काय जात होतं. आता पाटाच्या कडेला, सायकल धरून उभं राहिल्यावर त्याला समजलं की आबा त्या दिवशी सरळ बघत होता. सरळ बघितल्यामुळेच त्याला माणूस दिसेना झाला होता. समोर राख होती, आणि त्या राखेत माणूस आहे की नाही हे बघायला त्याने हात घातला होता. मेलेल्या माणसाची माफी मागायची कशी, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

घरात भिंतीवर आबाचा फोटो होता, आणि त्यात आबा सरळ बघत होता. ही मल्हारचीच करामत. नोकरी लागल्यावर त्याने आबाला स्टुडिओत आणून खुर्चीवर बसवलं होतं. काका कॅमेऱ्यामागून बोट हलवून दमले, "आबा, इकडे, माझ्या बोटाकडे," आणि आबा आपला दाराकडे बघत राहिला. फोटो तसाच आला, तिरकस, लबाड माणसाचा वाटावा असा. मल्हारने त्यावर रात्री जागवल्या होत्या. बुबुळं पुसून काढली आणि ब्रशच्या एका केसाने पुन्हा मधोमध भरली. सगळ्या स्टुडिओने वाहवा केली. आबा गेल्यावर हार घालताना त्याची आई, भागूबाई, त्या फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली होती आणि म्हणाली होती, "जल्मात पयल्यांदा माज्याकडं बगाय लागल्यात." त्या संध्याकाळी मल्हार घरात शिरला आणि आबाची ती सरळ, काळीभोर, खोटी नजर थेट त्याच्यावर आली. तो उजवा डोळा मिटून तिच्यापुढे उभा राहिला. मग त्याला डाव्या डोळ्यातही, आबाच्या नाकाशी, अगदी पुसट, धुकं असावं तसं काहीतरी दिसलं. त्याने दिवा बंद केला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पापण्या ताणून, प्रखर उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे, ते म्हणाले. चष्मा नाही, ऑपरेशन नाही, औषध नाही. कडेचं दिसत राहील, चालता-फिरता येईल, बारीक काम सोडा. हे ते हवामानाबद्दल बोलावं तसं बोलले, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता, बाहेर बाकावर माणसं दाटली होती. "घरात कुणाला असं होतं का? वडिलांना?" मल्हारला भिंतीवरचा फोटो आठवला. "न्हाय," तो म्हणाला. का म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. "मुलंबाळं?" "एक पोरगी हाय." डॉक्टरांनी लिहिता लिहिता वर पाहिलं. "तिला एकदा घेऊन या. हे घराण्यातून येतं."

त्या दिवसापासून तो स्वतःचे डोळे विसरला. वैष्णवी अकरा वर्षांची होती, एकुलतं लेकरू. ती पुस्तक जरा तिरकं धरते का? फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवते, अशी बाईंची तक्रार होती, पण ती तर गप्पिष्ट म्हणून. सुईत दोरा ओवताना तिने म्हाताऱ्या बायकांसारखी मान का कलती केली? सगळीच पोरं करतात. मग बाकीची पोरं करतात का ते तो बघायला लागला, आणि गल्लीतल्या आया त्याच्याकडे विचित्र नजरेने बघायला लागल्या. डॉक्टरांकडे न्यायचं त्याच्याने होईना. सुकन्येला त्याने अर्धंच सांगितलं होतं, की गुरूवर, फोटोत, म्हातारीच्या कपाळावर, मला मधे डाग दिसतो आणि काकांना दिसत नाही. तिचं म्हणणं एकच, "काकांचं वय झालं. त्यांनाच दिसत नसंल. उगं मनाला लावून घेताय." ती रोज त्याच्या ताटात तुपाची धार जास्त सोडायची आणि खंडोबाला काहीतरी बोलून बसली होती.

नागपंचमीला घरात चिरायचं नाही, कापायचं नाही, म्हणून तो स्टुडिओतही त्या दिवशी कधी ब्लेडला हात लावत नसे. यंदा तर ब्लेडचा प्रश्नच उरला नव्हता. काका त्याला नुसतं फोटो धुवायचं पाणी आणि कागद बघायला सांगत, आणि डेस्कवर कापड टाकून ठेवलं होतं. त्याने काकांकडे एक दिवसासाठी दुर्बीण मागितली, शुक्राचा फोटो काढतो म्हणून. काकांनी ना केली नाही. फक्त म्हणाले, "शुक्राचा कशाला? त्याच्यावर काही नसतं रे. वरून सगळा ढगांनी झाकलेला, पांढराफटक. कुणालाच कधी त्याच्यावर काही दिसत नाही. त्याला रिटचिंगसुद्धा लागायचं नाही." मल्हारला नेमकं तेच हवं होतं. सहा आसनी रिक्षात दुर्बीण मांडीवर घेऊन येताना तो देवाधर्माचं काही म्हणाला नाही, पण पांढराफटक, पांढराफटक एवढं मात्र म्हणत आला. पोरगी बघणार, पांढरं हाय म्हणणार, आणि झोक्याकडे पळणार. मग आपल्या डोळ्यांचं काय व्हायचं ते होवो. आपण कडेने बघू. आबा जगलाच की.

पावसाचं नाव नव्हतं. वारा होता, पण दिवस मावळताना तोही पडला. लिंबाला बांधलेल्या झोक्यावर पोरी ओरडत होत्या, घरातून वाफवलेल्या दिंडांचा गोड वास येत होता. पश्चिमेला चंद्राची कोर, तिच्या खाली शुक्र, इतका लखलखीत की शेजारची सरुबाई म्हणाली, विमान हाय ते. मल्हारने अंगणात दुर्बीण लावली, वीट लटकवली, आधी स्वतः पाहिलं. अर्धा शुक्र, आणि त्याच्या मधोमध त्याची ओळखीची राख. त्याने डोळा काढला. "वैष्णे, ये हिकडं." ती मेंदीचे हात अंगापासून लांब धरून आली. हाताने दुर्बीण धरता येईना म्हणून त्याने तिचं डोकं हलकेच धरून डोळा काचेशी नेला. केसांना तेलाचा वास होता. फक्त एवढंच विचारायचं, दुसरा शब्द काढायचा नाही, हे त्याने ठरवलं होतं. "काय दिसतंय?"

"आर्दी भाकर," वैष्णवी म्हणाली.

मल्हार हसला. कितीतरी दिवसांनी त्याचं त्यालाच ते हसू ऐकू आलं, आणि ठरवलेलं विसरून तो म्हणाला, "पांढरी हाय ना? सगळी?"

"व्हय." तिने मान जरा वळवली, परत सरळ केली. "मधी तेवडी करपलीया."

झोक्याची दोरी फांदीवर करकरत होती. मल्हारचा हात तिच्या डोक्यावर तसाच राहिला. "लांबनं बघ बरं," तो म्हणाला, आवाज आपला नसल्यासारखा. "लांबनं काय बी दिसत न्हाय," ती म्हणाली. "कडंला बघितलं की भाकर चांगली दिसती. सरळ बघितलं की करपल्याली. आप्पा, माज्या पुस्तकाला बी असंच हुतंय." सुकन्या पदराला हात पुसत दारात आली होती. "काय दिसतंय म्हणं तिला?" "मधी काळं हाय आई!" "मधी?" सुकन्येने नवऱ्याकडे पाहिलं आणि तिचं तोंड उजळलं. ती जवळजवळ पळतच आली. "अवं, मंग! मी काय म्हणत हुते? लेकरू काय खोटं बोलंल व्हय? तिला बी दिसतोय की डाग! म्हंजी हाय तितं. तुमच्या डोळ्याला काय बी झालं न्हाय!" आणि लगेच वाकून तिने स्वतः डोळा लावला. एकदा पुसून पुन्हा लावला. "मला न्हाय बाई दिसत. मला सगळंच पांढरं दिसतंय." ती उभी राहिली आणि हसायला लागली, मोकळी होऊन, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "तुमा बापलेकीला दिसतोय आन मलाच न्हाय. माजाच डोळा गेला म्हणायचा!"

"व्हय," मल्हार म्हणाला. हे हसणं आज रात्रीपुरतं तरी तिच्याजवळ राहू दे, एवढंच त्याला वाटलं. "आता फोटू काढा," वैष्णवीने हट्ट धरला, "माज्या भाकरीचा." त्याने कॅमेरा जोडला. लांब वायरचं बटण सुकन्येच्या हातात दिलं, सांगेन तेव्हा दाब म्हणाला, आणि नळीच्या तोंडापुढे काळा पुठ्ठा धरून उभा राहिला. "दाब." शटर उघडलं. नळी थरथरली आणि थांबली. शुक्र खाली सरकत होता, कोर पिवळी होत होती, सुकन्या श्वास धरून उभी होती. फोटोत भाकर सगळी पांढरीच आली असती. मल्हारने पुठ्ठा हटवला नाही.

"आप्पा, काढा की हात," वैष्णवी म्हणाली. ती त्याच्या कानाकडे बघत होती.